इलेक्ट्रिक गाडीचं नवीन तोंड पारखायचं कसं, आपल्या पांदणीच्या हिशोबानं

परवा रात्री साळ्याचा फोन आला, "भाऊजी, जुन्या तोंडाच्या गाडीवर सूट देऊन रायले, घेऊन टाकू का नव्या तोंडाचीले थांबू?" तोंड म्हणजे गाडीची समोरची बाजू, तीच गाडी कंपनी समोरून बदलून नव्यानं काढते. फोटो त्यानं आधीच पाठवले होते आणि त्याच्या गावच्या कॅन्टीनवर त्या फोटोंवर दोन दिवस चर्चा चालली होती, कोणी म्हणे तोंड चपटं करून टाकलं, कोणी म्हणे डोळे लय बारीक काढले, आणि एक काकाजी म्हणाले की जाळीच नाही त गाडी श्वास कुठून घेईन. मी त्याला अर्धा तास फोनवर सांगत बसलो, मग वाटलं हे एकदा नीट लिहूनच काढावं, कारण आपल्या भागात हा प्रश्न आता बऱ्याच जणांना पडून राहिला आहे आणि जे व्हिडिओ येतात ते सगळे शहरातले, गुळगुळीत रस्त्यावरचे. माझं गाव दारव्ह्याच्या बाजूला, दोन वर्षांपासून इलेक्ट्रिक गाडी आहे, आठवड्यात यवतमाळच्या तीन-चार चकरा होतात आणि वावरातही तीच जाते.

पहिली गोष्ट, फोटोवरून मत करू नका. कंपनीचा फोटो कॅमेरा जमिनीजवळ ठेवून काढलेला असतो, त्यात टायर मोठे नि बोनेट उंच दिसतं. शोरूममध्ये गाडी आतल्या लाइटीत उभी असते, ती बाहेर उघड्यावर काढायला लावा, दुपारच्या उन्हात, नाही म्हणत नाहीत. दहा पावलं मागं जाऊन उभ्यानं पाहा, मग उकिडवं बसून पाहा, कारण आपलं सगळं काम बंपरच्या खालच्या भागाशी असतं आणि उभ्यानं तो दिसतच नाही. आजकाल समोर चमकदार काळं प्लास्टिक खूप वापरतात. शोरूममध्ये ते छान दिसतं, आपल्याकडे मुरमाच्या धुळीनं आठ दिवसात पांढरं पडतं आणि कोणी सुक्या फडक्यानं पुसलं की त्यावर बारीक ओरखडे येतात, ते जात नाहीत. ज्या गाडीच्या खालच्या भागाला खरखरीत, न चमकणारं काळं प्लास्टिक आहे ती मी आपल्या भागासाठी चांगली समजतो, दिसायला साधी असली तरी.

दिसण्याबद्दल एवढंच सांगतो की डोळ्याला सवय होते. टाटाची नेक्सॉन ईव्ही सप्टेंबर २०२३ मध्ये नवीन तोंडानं आली, वर बोनेटच्या कडेला या टोकापासून त्या टोकापर्यंत लाइटीची पट्टी आणि खरे हेडलाइट खाली बंपरमध्ये, तेव्हा मलाही ते तोंड पटलं नव्हतं, डोळे गालावर आल्यासारखे वाटायचे. आता रस्त्यावर २०२० वाली दिसली की तीच जुनाट वाटते. म्हणून आवडलं नाही या कारणावरून लगेच नाही म्हणू नका, पंधरा दिवस जाऊ द्या, रस्त्यावर समोरून येताना दोन-चार वेळा पाहा. आणि आवडलं म्हणून लगेच हो पण म्हणू नका.

आता काकाजींच्या जाळीचं. पेट्रोल-डिझेलच्या इंजिनात जळलेल्या तेलातली निम्म्याहून जास्त ताकद उष्णता होऊन वाया जाते, ती बाहेर फेकायला मोठं रेडिएटर आणि त्याला वारा लागतो, म्हणून तोंडावर मोठी जाळी असते. मोटर मिळालेल्या विजेतली ९० टक्क्यांच्या आसपास कामाला लावते, तिला तेवढा वारा लागत नाही, म्हणून वरचं तोंड बंद केलं तरी काही बिघडत नाही. सुरुवातीला कंपन्या जाळीचा नुसता देखावा ठेवायच्या. टेस्लाच्या मॉडेल एसला २०१२ मध्ये समोर जाळीसारखा काळा तुकडा होता, तो २०१६ मध्ये काढून टाकला. आपल्याकडे एमजीची झेडएस ईव्ही २०२० मध्ये जाळी घेऊन आली आणि २०२२ मध्ये तिचं तोंड बंद झालं. मला बंद तोंडच खरं वाटतं, जे लागत नाही ते कशाला लावायचं, आणि खोट्या जाळीच्या खाचांमध्ये चिखल अडकतो तो वेगळा.

पण काकाजींचा प्रश्न पूर्ण चुकीचा नाही. एसीचं कंडेन्सर समोरच असतं, बॅटरी आणि मोटर थंड ठेवायचं पाणी समोरच्याच रेडिएटरमधून फिरतं, आणि मे महिन्यात आपल्याकडे पारा ४५ च्या वर जातो तेव्हा फास्ट चार्जिंग करताना तर बॅटरीला थंडाव्याची सगळ्यात जास्त गरज असते. म्हणून वरचं बंद असलं तरी खाली बंपरमध्ये तोंड उघडं ठेवलेलं असतं, श्वास तिथून घेते. ह्युंदाईच्या क्रेटा इलेक्ट्रिकला तिथं उघडझाप होणाऱ्या पट्ट्या आहेत, गरज असेल तेव्हाच उघडतात, बाकी वेळ बंद राहून वारा कापतात. हे खालचं तोंड टॉर्च घेऊन पाहा. आत रेडिएटरच्या बारीक पात्या किती जवळ दिसतात, समोर जाळी आहे का, असली तर तिची भोकं बोट जाईल एवढी आहेत का बारीक आहेत. सोयाबीन काढणीच्या दिवसात रस्त्यावर कुटार उडत असतं, नंतर कापसाच्या गाड्या चालतात, हे सगळं त्या पात्यांमध्ये जाऊन बसतं आणि उन्हाळा येईपर्यंत त्याचा नमदा होतो. बारीक जाळी असेल तर बाहेरूनच ब्रशनं झाडता येते. नसेल तर साध्या नळीनं हळू पाणी मारायचं, धुलाई सेंटरचं प्रेशर जवळून मारू देऊ नका, पात्या वाकतात. मी दिवाळीनंतर एकदा आणि मार्चमध्ये एकदा साफ करतो.

सगळ्यात जास्त वेळ दिव्यांवर घालवा, मला तर नवीन तोंडाचा खरा मुद्दा हाच वाटतो. वर जी सुंदर पट्टी चमकते ती रस्ता दाखवायला नाही, ती समोरच्याला आपण दिसावं म्हणून असते. रस्ता दाखवणारा दिवा वेगळा, आणि नवीन फॅशनमध्ये तो खाली बंपरच्या कोपऱ्यात गेला आहे. त्याचे फायदेही आहेत, समोरून मोटरसायकलवर येणाऱ्याच्या डोळ्यात कमी जातो, आणि डिसेंबर-जानेवारीच्या धुक्यात खालचा उजेड आपल्याच डोळ्यावर कमी उलटतो. पण पावसाळ्यात समोरच्या ट्रॅक्टरनं उडवलेला काळ्या मातीचा चिखल सगळ्यात आधी त्याच दिव्यावर बसतो, आणि जुना हॅलोजन बल्ब काचेला तापवायचा तसं एलईडीमध्ये समोरची काच फारशी तापत नाही, चिखल तसाच चिकटून राहतो. खाली दिवा असला की गिट्टी लागून फुटायची भीती पण जास्त. आणि खालून येणाऱ्या उजेडात रस्त्यावरच्या प्रत्येक खड्ड्याची सावली लांब पडते, काहींना त्यानं खड्डा लवकर समजतो, मला उलट छोटा खड्डा पण विहिरीसारखा दिसतो आणि विनाकारण ब्रेक लागतो. हे ज्याचं त्यानं पाहावं, म्हणून टेस्ट ड्राइव्ह रात्रीच मागा. दुपारची टेस्ट ड्राइव्ह एसी आणि पिकअप दाखवायला ठीक, दिव्याचं काहीच समजत नाही.

रात्रीची चाचणी मी अशी केली होती, पैसा लागत नाही. गाव सोडून अंधाऱ्या, रहदारी नसलेल्या सरळ रस्त्याच्या कडेला गाडी उभी करायची, लो बीम लावायचा, आणि सोबतच्याला गडद कपड्यात रस्त्याच्या कडेकडेनं समोर चालत जायला सांगायचं. तो दिसेनासा झाला की थांबवायचं आणि परत येताना पावलं मोजायला लावायची. ६० च्या स्पीडला गाडी एका सेकंदात १६-१७ मीटर जाते, म्हणजे पाय ब्रेकवर जाईपर्यंतच तेवढं अंतर गेलं, पुढे कोरड्या डांबरावर थांबायला अजून २०-२५ मीटर, एकूण ४० मीटर तरी धरा. लो बीममध्ये माणूस त्याच्या बऱ्याच आधी दिसायला पाहिजे, कारण पावसात अंतर वाढतं, आणि रोही, म्हणजे नीलगाय, काही रस्त्यात उभा राहून वाट पाहत नाही, तो धुऱ्यावरून एकदम उडी मारतो. त्यामुळे सरळ किती दूर दिसतं याच्याइतकंच कडेला किती पसरतं तेही पाहा, पऱ्हाटीची पहिली ओळ दिसते का. जुन्या आणि नव्या दोन्ही तोंडाच्या गाड्या मिळाल्या तर एकाच रस्त्यावर, एकाच रात्री करा. दिवा खालीवर करायचं बटण आहे का तेही विचारा, मागं चार माणसं आणि डिक्कीत पोतं असलं की गाडी मागून बसते आणि उजेड झाडावर जातो.

दिव्यानंतर बंपरची खालची कड, आपल्याकडे तिला ओठ म्हणतात. ब्रोशरमध्ये ग्राउंड क्लिअरन्स लिहिलेला असतो पण तो गाडीच्या पोटाखालचा, ओठाचा नाही. त्यातही एकच तोंड असून फरक असतो, नेक्सॉन ईव्हीच्या लहान बॅटरीच्या प्राइमला २०५ मिलीमीटर होता आणि मोठ्या बॅटरीच्या मॅक्सला १९०, तोंड तेच पण पोट दीड सेंटीमीटर खाली. ओठासाठी टेप घेऊन जा. दोन मापं घ्यायची, एक ओठ जमिनीपासून किती उंच, दुसरं ओठापासून समोरचं टायर जिथं जमिनीला टेकतं तिथपर्यंत किती लांब. उंची जास्त आणि लांबी कमी असेल तर गाडी चढावर तोंड न घासता चढते, उंची कमी आणि नाक लांब असेल तर घासणारच. मग घरी येऊन तुमच्या पांदणीत जी सगळ्यात वाईट जागा आहे, नाल्यावरची रपट असेल, अंगणात चढायचा उतार असेल, तिथं तेवढ्याच लांबीची एक काठी लावून पाहा, एक टोक चढावाच्या बुडाशी, टायर टेकेल तिथं, आणि दुसरं टोक समोर ओठाच्या उंचीला धरून. चढ काठीच्या टोकाला शिवला म्हणजे रोज खर्र आवाज ऐकायची तयारी ठेवा. नवीन तोंडांमध्ये वारा कापायला ओठ खाली आणतात, काही गाड्यांना खाली लवचिक रबरी पट्टी असते, ती घासली तरी काही होत नाही, पण कडक प्लास्टिक असेल तर तडकतं. नंबर प्लेट कुठं लावणार तेही पाहून घ्या, ती हिरवी प्लेट बंपरच्या खालच्या बाजूला असली की सगळ्यात आधी तीच वाकते.

वाऱ्याचं म्हणाल तर ते स्पीडवर आहे. स्पीड दुप्पट झाला की वाऱ्याचा विरोध चौपट होतो, ६० वर जेवढा त्याच्या चौपट १२० वर. समृद्धी महामार्गावर कारला १२० ची परवानगी आहे, तिथं गुळगुळीत तोंडाचा फायदा बॅटरीत दिसतो. गावाहून तालुक्याला ५० च्या वर गाडी जातच नाही, तिथं त्याचं काही विशेष नाही. नेक्सॉन ईव्हीच्या ४०.५ युनिटच्या बॅटरीचा कंपनीचा आकडा जुन्या तोंडाला ४५३ किलोमीटर होता, नव्याला ४६५ झाला, आणि त्या १२ किलोमीटरमध्ये नवीन मोटर आणि टायर पण आले, एकट्या तोंडाची कमाई नाही ती. सेल्समन नुसतं तोंड बदलल्यानं रेंज वाढली म्हणत असेल तर बाकी काय बदललं ते नक्की विचारा.

समोर गार्ड लावायचं मात्र डोक्यातून काढून टाका. आपल्याकडे गाडी घेतली की पहिलं गार्ड बसवतात, रानडुक्कर, रोही, मोकाट गुरं, भीती खरी आहे आणि मी ती समजतो. पण केंद्र सरकारनं डिसेंबर २०१७ मध्येच राज्यांना अशा गार्डवर कारवाई करायला सांगितलं आहे, आणि त्याचं कारण रास्त आहे. बंपर आणि त्यामागचे भाग दबून मार शोषून घेण्यासाठी असतात, गार्डमुळे तो मार सरळ चेसिसवर जातो, एअरबॅग वेळेवर उघडेल याची खात्री राहत नाही, आणि पायी चालणाऱ्या माणसाला लोखंड लागतं. बऱ्याच नवीन गाड्यांमध्ये तर समोरची गाडी ओळखून सावध करणारा रडार आणि कॅमेरा पण असतो, गार्ड त्याच्या तोंडासमोर येतो. ज्या गाडीत समोर रडार आहे तिची ती जागा विचारून ठेवा आणि पावसाळ्यात दिव्यासोबत तीही पुसत जा, चिखल बसला की गाडी सूचना देऊन ती सोय बंद करते.

आता फुटल्यावर काय, हे मी स्वतः भोगलं आहे. मागच्या पोळ्यानंतरची गोष्ट, दिवस बुडत होता, वळणावर पऱ्हाटीतून एक गोऱ्हा एकदम रस्त्यावर आला. माझा स्पीड तीसच्या आसपास होता, गोऱ्हा लंगडत का होईना उठून गेला, दुसऱ्या दिवशी मालकाकडे जाऊन पाहून आलो, चरत होता, जीव भांड्यात पडला. पण गाडीचा बंपर फाटला आणि वरची लाइटीची पट्टी मधून तडकली. शहरातल्या सर्व्हिस सेंटरला नेली तर बंपर चार दिवसात आला आणि पट्टी यायला पाच आठवडे लागले, ती पण अख्खीच घ्यावी लागली, तुकडा मिळत नाही म्हणाले. तेवढे दिवस मी चिकटपट्टी लावून फिरलो, ऐन सोयाबीनच्या धावपळीत. माय रोज म्हणायची, "गाडीच्या कपायावरची पट्टी कवा निघते रे बापा?" कोणती कंपनी ते लिहीत नाही, हे कोणाच्याही गाडीत होऊ शकतं, मला सांगायचं ते एवढंच की घेण्याआधी विचारा. बंपर, एका बाजूचा हेडलाइट, वरची पट्टी, आणि असेल तर समोरचा रडार, या चार वस्तूंची किंमत कागदावर लिहून मागा आणि पट्टी एका तुकड्याची आहे का तीन तुकड्यांची ते विचारा, तीन तुकड्यांची असेल तर एका कोपऱ्याच्या धक्क्यात एकच तुकडा जातो. इन्शुरन्समध्ये साध्या पॉलिसीत प्लास्टिकच्या भागांवर ५० टक्के घसारा कापतात, आणि नवीन तोंड म्हणजे बहुतेक प्लास्टिकच, म्हणून झिरो डेप, म्हणजे घसारा न कापणारी पॉलिसी, नक्की घ्या, माझा खर्च त्यानंच वाचला.

चार्जिंगचं झाकण कुठं आहे तेही तोंडाचाच भाग समजा. पंच ईव्ही आणि क्रेटा इलेक्ट्रिकला ते समोर आहे, नेक्सॉन ईव्हीला मागच्या बाजूला, पेट्रोलची टाकी भरायची असते तिथं. तुमच्या घरी अर्थिंग असलेला बोर्ड कुठल्या भिंतीवर आहे आणि गाडी अंगणात कशी लागते त्यावर ठरवा. समोर असेल तर तोंड भिंतीकडे करून लावता येते, हायवेवर चार्जरच्या पुढ्यात सरळ घुसता येतं. पण समोरून गोऱ्हा धडकला तर चार्जिंगच अडू शकतं हेही लक्षात ठेवा. झाकण हातानं दहा वेळा उघडून पाहा, रबर घट्ट बसतं का, चिखलाच्या हातानं उघडता येतं का. नेक्सॉन ईव्हीची समोरची पट्टी चार्जिंग चालू असताना किती भरलं ते उजेडानं दाखवते, ही मला खरंच कामाची वाटली, खाटेवरून उठावं लागत नाही. बोनेटखाली सामान ठेवायची जागा देतात काही गाड्यांमध्ये, पंच ईव्हीत १४ लिटर, क्रेटात २२, ती चार्जिंगच्या केबलसाठी चांगली, पण घरात धान्य नि सरकी असेल तर तिथं खायची एकही वस्तू ठेवू नका, उंदीर येतो तो वायर कुरतडूनच जातो.

आणि जो चालवणार त्याला बसवा. आमच्या घरी गाडी मी चालवतो तेवढीच बायको चालवते, तिची उंची पाच फूट. नवीन तोंडात बोनेट जिथं खाली उतरतं गेलं आहे तिथं तिला पुढची कड दिसतच नव्हती, चौकोनी उभ्या तोंडाच्या गाडीत दोन्ही कोपरे दिसत होते. समोर कॅमेरा असतो हे खरं पण तो चिखलानं भरला की पडद्यावर काळं. सीट वर घेऊन, तिच्या उंचीला, शोरूमच्या गेटमधून आत-बाहेर करून पाहायला सांगा, कोपरा भिंतीपासून किती दूर आहे असं तिला वाटतं आणि खरं किती आहे ते टेपनं मोजा.

राहिली सूट. जुन्या आणि नव्या गाडीत बॅटरी, मोटर, वॉरंटी सगळं सारखं असेल आणि फक्त तोंड बदललं असेल तर मी जुनीच घेईन, सूट पदरात पाडून. पण बऱ्याच वेळा तोंडासोबत आतलं पण बदलतं, झेडएस ईव्हीचं तोंड २०२२ मध्ये बदललं तेव्हा बॅटरी पण ४४.५ वरून ५०.३ युनिट झाली होती, अशा वेळी जुन्या तोंडाच्या सुटीला भुलू नका. जुनी घ्यायची तर गाडी कोणत्या महिन्यात बनली ते चेसिस नंबरवरून काढायला लावा, वर्षभर यार्डात उभी असेल तर बॅटरीची तब्येत पण लिहून मागा, आणि जुन्या तोंडाचा बंपर-दिवा पुढे मिळत राहील का ते पार्ट विकणाऱ्या माणसाला विचारा, गाडी विकणाऱ्याला नाही.

साळ्यानं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "भाऊजी, तुम्हीच या ना सोबत." शनिवारी संध्याकाळी सहानंतरची टेस्ट ड्राइव्ह मागितली आहे, दोन्ही तोंडांची. टेप आणि टॉर्च माझ्याकडे आहे, काळा सदरा घालून रस्त्यानं चालायला तो त्याच्या पोराला आणणार आहे.